तास पस्तीस मिनिटांचा, पाठ वीस मिनिटांत संपला

प्रश्न थोडक्यात असा: बी.एड.चं दुसरं वर्ष, घर ठाण्यात, इंटर्नशिपची शाळा कोपरखैरण्यात. सहावीचा सेमी इंग्रजीचा वर्ग, पट ५८, विषय गणित. टाचणावर, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यावर, मार्गदर्शकांची सही असते, तरी पाठ कधी वीस मिनिटांत संपतो, कधी निम्म्यावर घंटा होते. मध्येच मागचे बाक सुटतात. टाचणं लिहिता लिहिता रात्रीचा दीड वाजतो आणि चिंतनाच्या वहीत रोज 'आजचा पाठ चांगला झाला' हेच एक वाक्य पडतं. नेमकं काय चुकतंय?

टाचणात फारसं काही चुकत नसणार. तेच टाचण हातात घेऊन तुम्ही वर्गात शिरता, तिथे चुकतंय. टाचण हा मार्गदर्शकासाठी आणि फाइलसाठी लिहिलेला कागद आहे. उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, प्रस्तावना, हेतूकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, स्वाध्याय हे सगळं त्यात असावंच, गुण त्यावरच मिळतात. वर्गात लागतो तो दुसरा कागद, पोस्टकार्डाएवढा, आणि त्यावर मिनिटं आणि मुलांच्या हातातलं काम, एवढंच.

आधी एक तपासणी करा. तुमची शेवटची पाच टाचणं काढा आणि 'विद्यार्थीकृती' हा रकाना वाचा. 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात', 'विद्यार्थी निरीक्षण करतात', 'विद्यार्थी उत्तर देतात' अशी वाक्यं किती आहेत ते मोजा. एक विद्यार्थी उत्तर देतो तेव्हा सत्तावन्न मोकळे असतात, हे त्या रकान्यात दिसत नाही. गोंधळ कुठल्या मिनिटाला सुरू झाला ते आठवा, बहुतेक वेळा तो अशाच एखाद्या ओळीपाशी निघतो.

आता मिनिटांचा हिशेब. पस्तीस मिनिटांच्या तासात आधीचे सर वर्गाबाहेर पडेपर्यंत, मुलं उभी राहून 'नमस्ते' म्हणेपर्यंत आणि वह्या निघेपर्यंत चार मिनिटं जातात. पहिला तास असेल तर हजेरी आहेच, एका नावाला तीन सेकंद धरले तरी ५८ नावांना तीन मिनिटं. शेवटची तीन मिनिटं स्वाध्याय उतरवण्यात जातात. मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला हात धुऊन, पाणी पिऊन मुलं येईपर्यंत आणखी पाच. म्हणून पाठ आखायचा तो चोवीस मिनिटांचा: प्रस्तावना चार, मूळ मुद्दा आठ, मुलांचं काम आठ, पडताळा चार. पाठ अर्धवट राहणाऱ्यांची प्रस्तावनाच बारा मिनिटं चाललेली असते. वीस मिनिटांत संपवणारे आठ मिनिटांचं 'मुलांचं काम' फळ्यावर स्वतःच करून टाकतात.

त्या छोट्या कागदावर दोन खुणा हव्यात. एक कात्रीची: उशीर झाला तर कुठलं उदाहरण गाळायचं ते आदल्या दिवशीच ठरलेलं असावं. ऐन वेळी गाळायला गेलं की माणूस नेमका पडताळा गाळतो. दुसरी खूण भरीची: पाठ लवकर उरकला तर द्यायचं सात-आठ मिनिटांचं काम, त्याच घटकावरचं आणि थोडं अवघड. 'आता शांतपणे पुढचं वाचा' ही भर नव्हे.

तुमच्याच इयत्तेतला दशांश अपूर्णांकांचा पाठ घेऊन बघू. प्रस्तावनेला पैशांचं उदाहरण घ्यायची जुनी सवय आहे, पण २५ पैसे आणि त्याखालची नाणी २०११ साली चलनातून गेली, आणि पन्नास पैशाचं नाणं आजच्या सहावीतल्या मुलाने क्वचितच हातात धरलं असेल. त्यापेक्षा भाजीवाल्याचा इलेक्ट्रिक काटा घ्या. पाव किलो भेंडी ठेवली की ०.२५० आणि अर्धा किलो कांदे ठेवले की ०.५०० हे मुलांनी पाहिलेलं असतं. 'काट्यावर ०.२५० दिसलं, किती घेतलं?' एवढ्या प्रश्नावर प्रस्तावना संपते.

मग फळ्यावर दोन जोड्या लिहा: ०.३५ आणि ०.५, ०.३ आणि ०.३५. प्रत्येक जोडीतली मोठी संख्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला सांगा. हात वर करायला लावू नका, मुलं शेजारच्याचा हात बघून आपला वर करतात. लिहून झालं की पेन्सिल खाली. जोड्या दोन घ्यायच्या त्याला कारण आहे. काही मुलं ३५ हे ५ पेक्षा मोठे म्हणून ०.३५ मोठी मानतात. ती पहिल्या जोडीत चुकतात आणि दुसरीत बरोबर येतात. काहींनी 'दशांश चिन्हापुढे आकडे जास्त तितकी संख्या लहान' असा उलटा नियम मनाशी बांधलेला असतो. ती पहिल्या जोडीत बरोबर येतात, चुकीच्या कारणाने, आणि दुसऱ्या जोडीत सापडतात. एकच जोडी दिलीत तर यातला एक गट तुमच्या हातून निसटतो, आणि त्याला समजलंय असं वाटून तुम्ही पुढे जाता.

आता साहित्य. १० × १० घरांचा चौकोन, बाजू ८ सेंटीमीटर. ए-फोर कागदावर आडवे दोन, उभे तीन असे सहा बसतात. ५८ मुलांना दहा झेरॉक्स, दोन चौकोन उरतात. कापून आदल्या संध्याकाळीच ठेवायचे, प्रत्येक रांगेचा गठ्ठा वेगळा, आणि तो पहिल्या बाकाकडे द्यायचा. बाकाबाकाशी जाऊन वाटायला लागलात तर चार मिनिटं गेली आणि वर्गही गेला. एका बाकावरच्या दोघांपैकी एकाने ०.५ दाखवायचे, दुसऱ्याने ०.३५. रंग भरायला मात्र सांगू नका, पाठ तिथेच संपेल. स्केचपेन शोधण्यात, उसनं मागण्यात आणि कडा नीट भरण्यात दहा मिनिटं सहज जातात. पेन्सिलीने तिरप्या रेघा मारल्या की काम दोन मिनिटांत होतं. ०.५ म्हणजे पाच पूर्ण उभ्या पट्ट्या, पन्नास घरं. ०.३५ म्हणजे तीन पट्ट्या आणि पाच सुटी घरं. दोन्ही कागद शेजारी ठेवले की जास्त काही बोलावं लागत नाही. मग दुसरी जोडी त्याच चौकोनावर बोटाने दाखवायला सांगा. भरीचं काम: ०.०५ म्हणजे किती घरं, आणि ५ रुपये ५ पैसे कसे लिहायचे? वर्गात ५.५ लिहिणारे निघतातच, आणि पैशांचं उदाहरण खरं कामाला येतं ते इथे.

दोन बारकावे सेमीच्या वर्गासाठी. 'टेन्स' आणि 'टेन्थ्स' हे आपल्या कानांना जवळजवळ सारखेच ऐकू येतात. मराठीत दशक आणि दशांश, शतक आणि शतांश हे शब्द स्पष्ट वेगळे आहेत. म्हणून पाठाच्या सुरुवातीला फळ्याच्या उजव्या पट्टीत दोन्ही भाषांतले शब्द समोरासमोर लिहा आणि तास संपेपर्यंत पुसू नका. वर्ग सेमीचा म्हणून मराठी शब्द उच्चारायचाच नाही असा दंडक काही शाळांत दिसतो, तो मुलांच्या मुळावर येतो. दुसरं, 'पॉइंट पस्तीस' म्हणू नका, 'पॉइंट तीन पाच' म्हणा. पस्तीस म्हटल्याने पहिल्या गटाची चूक आपणच पक्की करतो.

फळ्याबद्दल थोडं. डावीकडे तारीख, विषय आणि घटक एका अरुंद पट्टीत, मधली मोठी जागा चालू कामासाठी, उजवी पट्टी शब्दांसाठी. मागच्या बाकावरून वाचता यायला अक्षर चार बोटं उंच हवं. पाठापूर्वी एकदा स्वतः मागच्या बाकावर, तेही खिडकीच्या बाजूला, बसून बघा. दुपारच्या अधिवेशनात बऱ्याच वर्गांत त्या बाजूने फळ्यावर नुसती चकाकी दिसते. तिथली मुलं मस्ती करत असतील तर आधी त्यांना दिसतंय का ते तपासा. पावसाळ्यात खडू दमट होतो आणि फळ्यावर उठतच नाही, म्हणून दोन-तीन कोरडे खडू डबीत घालून पिशवीत ठेवावेत.

गोंधळ तीन ठिकाणी उगवतो: तुम्ही पाठ फिरवून सलग लिहीत असता तेव्हा, साहित्य वाटताना, आणि ज्यांचं काम लवकर झालं त्यांना पुढचं काम नसतं तेव्हा. पाठ फिरवून अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त लिहू नये. मोठं उदाहरण असेल तर मधली सुट्टी संपण्यापूर्वीच फळ्यावर लिहून ठेवावं. वाटण्याचं वर आलंच. लवकर झालेल्यांसाठी भरीचा प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात आधीपासून असावा. एवढं करूनही आवाज वाढला तर त्यावर स्वतःचा आवाज चढवू नका. बोलताय ते वाक्य अर्ध्यावर थांबवा आणि जागच्या जागी उभे राहा. पहिल्या दिवशी शांतता व्हायला वीसेक सेकंद लागतील, ते काढावे लागतात. 'गप्प बसा' हा शब्द तासाला दहा वेळा उच्चारला की तो पंख्याच्या घरघरीसारखा होतो, कुणाच्या कानात शिरत नाही. थांबल्याने घसाही वाचतो, आणि सोळा आठवड्यांच्या इंटर्नशिपमध्ये घसा हे तुमचं सगळ्यात महाग साहित्य आहे.

उभं करणं, कान धरायला लावणं, टोमणे मारणं, वर्गाबाहेर काढणं यातलं काही करायचं नाही. बालकांच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा, कलम १७, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतो. शाळेतले कुणी जुने सर 'एक दणका द्या, सरळ होतात' असं सांगतील, त्यांच्याशी वाद घालू नका आणि ऐकूही नका. बाहेर काढलेलं मूल तुमच्या नजरेआड गेलं की त्याचं काही बरंवाईट झाल्यास जाब तुम्हालाच द्यावा लागेल.

नावं पाठ करा, तीही लवकर. बाकांचा नकाशा काढून रोज दहा नावं घेतली तर सहाव्या दिवशी वर्ग संपतो. नकाशा वर्गशिक्षकांकडून आधीच मिळाला तर उत्तम. प्रश्न विचारताना मात्र नाव शेवटी घ्या. आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव. नाव आधी घेतलंत तर बाकीचे सुटले म्हणून समजा. थांबायचं किती? अमेरिकेत मेरी बड रो या संशोधकांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांत मोजलं, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदच थांबतात असं आढळलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि जास्त मुलं बोलू लागली. मनात सावकाश 'बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा' म्हटलं की तीन सेकंद होतात.

सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे सहाध्यायांसमोरच्या छोट्या सरावपाठात, हे सगळं जमत होतं आणि वर्गात का जमत नाही, अशी अनेकांची तक्रार असते. त्या चक्राचं गणित बघा: ६ मिनिटं अध्यापन, ६ प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), १२ पुनर्नियोजन, ६ पुनरध्यापन, ६ पुन्हा प्रत्याभरण, एकूण ३६ मिनिटं. समोर आठ-दहा सहाध्यायी, ज्यांना उत्तर येत असतं आणि तुमच्या गुणांची काळजीही असते. तिथे एका वेळी एकच कौशल्य तपासलं जातं. खऱ्या वर्गात सगळी एकदम लागतात आणि पुन्हा घ्यायची संधी नसते. असते ती फक्त शेजारच्या तुकडीत. म्हणून शक्य असेल तर तोच पाठ 'अ' आणि 'ब' दोन्ही तुकड्यांत मागून घ्या, मध्ये एक तास रिकामा ठेवून. पुनर्नियोजनाची ती बारा मिनिटं इथे मिळतात.

भाषेचं एक. कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, दिघा या पट्ट्यात एकाच बाकावर आगरी घरातलं मूल आणि हिंदी किंवा कन्नड बोलणाऱ्या घरातलं मूल असं सहज सापडतं. आगरी बोलीत ळ चा ल आणि ण चा न होतो, 'शाला', 'फला', 'पानी'. गणिताच्या तासाला ते दुरुस्त करत बसू नका, मूल उत्तर द्यायचंच थांबवेल. मराठीच्या शुद्धलेखनात ते वेगळं घ्यावं, आणि 'चूक' न म्हणता 'घरी असं, पुस्तकात असं' म्हणून. शाब्दिक उदाहरण मात्र हिंदी घरातल्या मुलाला एकदा स्वतःच्या शब्दांत सांगायला लावाच. पुष्कळदा गणित येत असतं, 'शिल्लक' किंवा 'पैकी' हा शब्द अडलेला असतो.

आता रात्रीचा दीड. टाचण वरून खाली, रकान्यांच्या क्रमाने लिहायला बसलात की उद्दिष्टांच्या भाषेवरच तास जातो. उलटं लिहा. आधी पडताळ्याचे प्रश्न ठरवा, मुलाला शेवटी काय करता यायला हवं ते. मग ते यायला मुलांच्या हातात कोणतं काम द्यायचं ते. मग फलकलेखन. एवढं झालं की प्रस्तावना आणि उद्दिष्टं आपोआप सुचतात, कारण ती कुठे पोचायची हे ठरलेलं असतं. पहिले पाच-सहा पाठ वेळ लागेल, पुढे पाऊण-एक तासात उरकतं. कच्चं काम शाळेतच करा, मोकळ्या तासाला. त्याचा दुसरा फायदा असा की विषयशिक्षक समोर असतात, 'या तुकडीला भागाकार येतो का?' हे तिथल्या तिथे विचारता येतं. घरी नेऊन फक्त सुवाच्य उतरवायचं.

तक्त्यांचा सोस आवरा. पूर्ण कार्डशीट २२ × २८ इंचाची असते, आणि सकाळी ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटावरून ट्रान्स हार्बरच्या गाडीत ती न चुरगळता नेणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. अर्धी कापून वापरा, किंवा गुंडाळी करून प्लास्टिकच्या नळीत घाला. पावसाळ्यात तर दमट हवेने ती फळ्याला लावल्या लावल्या वाकते. गणिताला बहुतेक वेळा तक्त्याची गरजच नसते. वरच्या पाठातले दहा झेरॉक्स कागद मुलांच्या हातात गेले, तक्ता मात्र तुमच्याच हातात राहिला असता.

ऑफ तास, म्हणजे ज्याचे शिक्षक आलेले नाहीत असा तास, तुमच्या गळ्यात पडणारच, इंटर्न दिसला की पर्यवेक्षकांना सुटका दिसते. त्यासाठी कोणत्याही इयत्तेला चालतील अशी तीन कामं पिशवीत कायम ठेवा. उदाहरणार्थ, २, ३, ५, ७ हे चार अंक आणि चार क्रिया वापरून १ ते २० मधल्या किती संख्या येतात ते जोडीने शोधणं. वह्या तपासण्याचंही तसंच. ५८ वह्या, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे जवळपास तीन तास. रोज एका रांगेच्या पंधराच घ्या, चार दिवसांत फेरी पूर्ण होते. चुकीवर फुली मारण्यापेक्षा चूक झालेल्या पायरीखाली रेघ ओढा, मूल निदान ती ओळ पुन्हा वाचतं.

चिंतनाच्या वहीचं. 'पाठ चांगला झाला, विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला' हे चिंतन नाही, तो सत्काराचा मजकूर आहे. 'मला फार वाईट वाटलं' हेही तितकंच निरुपयोगी, कारण त्यातून उद्याच्या पाठाला काहीच मिळत नाही. नमुना असा लिहा:

'हजर ५१. ०.३ आणि ०.३५ मध्ये २३ जणांनी ०.३ मोठी लिहिली. चौकोनानंतर पुन्हा विचारलं, ६ राहिले. त्यातले ४ खिडकीकडच्या रांगेत मागे, फळा चकाकतो. वाटपाला ४ मिनिटं गेली. उद्या: त्या चौघांना मधल्या रांगेत, पहिली ५ मिनिटं ०.०५ आणि ०.५.'

पाच ओळी, पाच मिनिटं, आणि त्याही तास संपल्या संपल्या. घरी पोचेपर्यंत आकडे विसरतात, भावना तेवढी उरते. आकडे मिळवायला वहीची शेवटची पानं आहेतच, वाटलं तर वह्यांऐवजी चिठ्ठ्या गोळा करा. अशा पंधरा नोंदी झाल्या की क्रियात्मक संशोधनाचा, म्हणजे आपल्याच वर्गातल्या अडचणीवरच्या छोट्या अभ्यासाचा, विषय वेगळा शोधावा लागत नाही, पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी तुमच्या वहीत आधीच असते.

मार्गदर्शक मागे बसले की मुलं वळून वळून बघतात. त्यांना तासापूर्वीच आत बसवा, घंटेनंतर नको. पाठानंतर 'कसा झाला?' असं विचारलं तर 'छान' एवढंच उत्तर मिळतं. 'दुसऱ्या जोडीच्या वेळी मागचे दोन बाक काय करत होते?' असं विचारा.

पालकांना परस्पर फोन करू नका, त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शिरू नका, मुलांचे फोटो किंवा रील तर अजिबात नाही. घरातली काही गंभीर गोष्ट मुलाने सांगितली तर ती त्याच दिवशी वर्गशिक्षकांच्या कानावर घाला, शिक्षकखोलीत चर्चेला आणू नका.

शेवटी कागदपत्रं. एनसीटीई या शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनुसार दोन वर्षांत मिळून किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप लागते, चार पहिल्या वर्षी, सोळा दुसऱ्या. हजेरीपत्रकावर आणि पाठांच्या नोंदीवर मुख्याध्यापकांची सही दर शनिवारी घेत जा, शेवटच्या दिवशी एकदम नको. तेव्हाच नेमके ते निवडणुकीच्या किंवा परीक्षेच्या कामाला गेलेले असतात, शाळेचा शिक्का कपाटात कुलूपबंद असतो आणि किल्ली त्यांच्याच खिशात.